पोलिसांनी व्हिसा कशाला तपासायचा?

संपादक महोदय,
अमेरिकेत लोकल पोलिसांना इमिग्रेशनच्या कामाला जुंपणं काय नवीन नाही, १९९६ च्या कायद्यातल्या २८७(जी) कलमाने ती सोय करून ठेवलीये, पण ती ऐच्छिक आहे हे लोक विसरतात. केंद्राचा कायदा राबवायला राज्याच्या अधिकाऱ्यांवर जबरदस्ती करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगितलंय (तेही बंदुकीच्या केसमध्ये!). आता पोलिसच व्हिसा तपासायला लागले, तर कागदपत्रं नसलेली बाई नवऱ्याने मारल्यावर तक्रार करेल का? अशांसाठी यू व्हिसा (गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडितांना मिळणारा) आहे पण त्याला पोलिस, सरकारी वकील, न्यायाधीश अशा कुणाची तरी सही लागते, आणि पोलिसांचीच धास्ती असेल तर सही मागायला जाणार कोण? गंभीर गुन्ह्यात जेलमध्ये असलेल्यांची माहिती द्या, हरकत नाही, पण रस्त्यात चेहरा बघून कागद मागणं नको.
- एक वाचक