इंजेक्शन उपचार म्हणून द्या, शिक्षा म्हणून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलीवर अत्याचार झाला की आपल्या सोलापुरात पूनम गेटसमोर मोर्चा निघतो. फाशीच्या जोडीला आता ‘इंजेक्शन देऊन नपुंसक करा’ ही मागणीही ऐकू येते. त्यामागचा संताप माझाही आहे. पण मी निवृत्त परिचारिका आहे. यातली इंजेक्शनं प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या रुग्णांना मी वर्षानुवर्षं दिली आहेत, म्हणून लिहिते.

ल्युप्रोलाइड हे त्यातलं एक. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी टोचावं लागतं. त्याने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन अगदी खाली येतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र ते उलट वाढतं, म्हणून सुरुवातीला दुसरी गोळीही द्यावी लागते. पुढे अंगातून गरम वाफा, वजन आणि साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मन खचणं हे सगळं सांभाळत राहायचं. इंजेक्शन थांबलं की बहुतेकांच्या अंगात हार्मोन हळूहळू पुन्हा वाढतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तरी परिणाम पुसला जातो. एकदा टोचलं की जन्माचा बंदोबस्त झाला, असं कुणीही समजू नये. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला ठरल्या तारखेला बोलावणं, त्याचं रक्त आणि हाडं तपासणं, त्याच्याशी बोलत राहणं हे कोण करणार?

इंडोनेशियाने २०१६ मध्ये ही शिक्षा कायद्यात आणली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच ती अमलात आणायला नकार दिला. मला त्यांचं पटतं. नको म्हणणाऱ्या माणसाला धरून सुई टोचायला मला कुणी सांगितलं असतं, तर मीही नाही म्हटलं असतं, मग समोरचा कितीही नीच असो. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या आपल्या न्या. जे. एस. वर्मा समितीनेही २०१३ च्या अहवालात ही शिक्षा नाकारली.

म्हणून औषध निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मुलांविषयीचे लैंगिक विचार ज्यांच्या डोक्यातून हटत नाहीत आणि ज्यांना त्यातून खरोखर सुटायचं आहे, अशांना त्याचा उपयोग होऊ शकतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या तुरुंगांत २०२२ पासून कैद्याच्या संमतीने, मानसोपचारांच्या जोडीने हे दिलं जातं, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ते २० तुरुंगांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. सक्तीचा विचारही तिथे चालू झाला, तो मला मान्य नाही. सूड, दारू, जातीचा माज, ‘ही माझ्या ताब्यातली’ ही भावना, यांवर कुठलंही इंजेक्शन नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. आपल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आई विड्या जमा करायला कारखान्यात जाते, तेव्हा पोर शेजारी किंवा नात्यातल्या कुणाच्या भरवशावर असते. त्या पोरीने काका, मामा किंवा आजोबांचं नाव घेतलं, तर घरात आधी काय होतं? ‘गप्प बस, घर मोडेल.’ शिक्षा जितकी भयंकर, तितका हा दबाव वाढतो. मग तक्रारच होत नाही, आणि शिक्षेचा प्रश्नच उरत नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३५ नुसार न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हायला हवा. मोर्चेकऱ्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक खटल्यात हे होतंय का, ते विचारावं. साक्ष लांबली की पोर दरवर्षी तीच जखम उघडते, नातेवाईक तिची साक्ष फिरवायला बघतात.

आणि ‘मला मदत हवी’ असं स्वतःहून म्हणणाऱ्या कैद्यासाठी गृह आणि आरोग्य खात्याने मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे उपचार तुरुंगात सुरू करावेत, सुटकेनंतरही चालू ठेवावेत. सोलापुरात असं केंद्र निघालं तर मी तिथे विनामोबदला काम करायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर