आता तुझी रक्ततपासणी

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सौ. मधुराच्या रक्ताचा अहवाल मी काळजीपूर्वक वाचला. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, कमी (६४) आणि एचबीएटू हा हिमोग्लोबिनचा प्रकार जास्त (५.२ टक्के) आहे, म्हणजे ती बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि यात तिचा किंवा तिच्या माहेरचा काडीचाही दोष नाही. घरात कुणी तसे सुचवले तर त्याला तिथल्या तिथे थांबवणे तुझे काम आहे.

डॉक्टरांनी गर्भाच्या तपासणीआधी तुला बोलावले, ते योग्यच केले. तूही बीटा थॅलेसेमियाचा, सिकलसेलचा किंवा हिमोग्लोबिन ई या सदोष हिमोग्लोबिनचा वाहक निघालास तरच बाळाला गंभीर आजाराची शक्यता उरते, आणि ती प्रत्येक खेपेस २५ टक्के असते. तुझे रक्त निर्दोष असेल, तर मधुराच्या पोटात सुई घालण्याचे कारणच उरत नाही. त्या तपासणीत गर्भपाताचा धोका थोडा असला तरी असतोच.

'मी धडधाकट आहे' म्हणून टाळू नकोस, कारण वाहक धडधाकटच असतो. रक्तपेढीत नोकरी करताना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येणारी मुले मी पाहिली आहेत. एका हातात सुई, आणि मांडीवरच्या वहीत दुसऱ्या हाताने गणिते चाललेली. त्यांच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना आपण वाहक आहोत हे मूल आजारी पडल्यावरच कळले होते.

रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसीवर थांबू नकोस, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणीही करून घे. तुम्ही दोघेही वाहक निघालात तर आधी दोघांच्या डीएनएमधील नेमका दोष शोधावा लागतो आणि त्यात दिवस जातात. त्यानंतरच अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासता येते. मधुराला नववा आठवडा चालू आहे, म्हणून मी घाई करते आहे.

१९९४ च्या कायद्यानुसार अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते, बाळाचे लिंग सांगितले जात नाही आणि मधुराची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेतच घ्यावी लागते. पुढे काय करायचे हे समुपदेशक ठरवत नाहीत. मीही ठरवणार नाही, आणि तिच्या मनाविरुद्ध तूही ठरवू नकोस.

या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. उद्या कामावर जाताना रक्त देऊन जा आणि अहवाल हाती येताच मधुराच्या डॉक्टरांना दाखव.

तुझी,
आई