फोनवरची बाग बंद, आता कन्सोल घ्या : एका गेम कंपनीस तक्रार पत्र

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
सातारा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (भारत)

विषय : मोबाईलवरील बागेचा गेम बंद करण्याचा निर्णय झालेला असताना केलेली विक्री, वार्षिक सभासदत्वाच्या उरलेल्या मुदतीचा न मिळालेला परतावा आणि त्याऐवजी देऊ केलेली कन्सोलवरील सवलत याबाबत तक्रार.

महोदय / महोदया,

मी २०११ सालापासून आपल्या कंपनीची ग्राहक आहे. परंतु प्रस्तुत तक्रार मी माझ्या आईच्या वतीने आणि तिच्या लेखी संमतीने करीत आहे. आई ६८ वर्षांची असून निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आपला मोबाईलवरील बागेचा गेम ती मे २०२१ पासून, आपण ३० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्व्हर बंद करेपर्यंत, जवळजवळ रोज खेळत होती. गेमचे खाते तिच्या नावावर आहे आणि पैसे माझ्या कार्डावरून गेलेले आहेत. मी व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे पावती टाकून देणे मला जमत नाही. साडेचार वर्षांत आपण दिलेल्या ३१ पावत्या माझ्याकडे आहेत आणि त्यांची बेरीज १४,८७० रुपये होते. ही सगळी रक्कम मी परत मागत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. ज्या दिवसांची सेवा मिळाली, त्या दिवसांचे पैसे आपलेच आहेत.

आई आपली ग्राहक कशी झाली, हे सांगणे येथे आवश्यक आहे, कारण तक्रारीचे मूळ तिथेच आहे. आमच्या घरी टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल होता, तो माझा आणि भावाचा. आईने त्याच्या कंट्रोलरला कधी हात लावला नाही. दोन अंगठ्यांनी दोन दांड्या फिरवायच्या आणि वरच्या बोटांनी आणखी बटणे दाबायची, हा प्रकार तिला "तुमचं विमान चालवणं" वाटे. २०२१ च्या टाळेबंदीत मात्र तिच्या फोनवर आपली जाहिरात आली आणि तीही मराठीत : कन्सोल नको, टीव्ही नको, हातातला फोन पुरे. तिने ती मला वाचून दाखवली आणि खरेच पुरे का, असे दोनदा विचारले. मी हो म्हटले. आपल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून दिलेल्या त्या उत्तराची जबाबदारी आज माझ्याकडे आली आहे.

पुढे हा खेळ तिने ज्या शिस्तीने खेळला, ती आपल्या विभागाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्याकडे दोनशे पानी वही आहे. त्यात उभ्या रेघा मारून वाफ्याचा क्रमांक, पेरणीची वेळ, फूल उमलण्याची वेळ आणि शेवटी शेरा असे रकाने केलेले आहेत. आपल्या गेममध्ये ट्युलिप होते, हायड्रेंजिया होते, पण आमच्या अंगणातले एकही फूल नव्हते. म्हणून तिने त्यांना आपली नावे दिली. पांढऱ्या फुलांचा वाफा तगर, पिवळ्यांचा सोनचाफा, आणि पहाटे उमलणाऱ्या एका निळ्या फुलाला, रंगाचा काही मेळ नसतानाही, प्राजक्त. वाफ्यांना नावे देण्याची सोय फक्त इंग्रजी अक्षरांत होती, त्यासाठी तिने माझ्या मुलाकडून स्पेलिंग लिहून घेतले. ज्या ग्राहकवर्गापर्यंत पोहोचण्यासाठी कंपन्या कन्सोलच्या बाहेर पडतात, तो वर्ग प्रत्यक्षात असा असतो.

कंपन्यांनी असे बाहेर पडण्यास माझा आक्षेप नाही. कन्सोल ही महाग वस्तू आहे, ती ठरावीक घरांतच जाते, आणि फोन मात्र सगळ्यांच्या हातात आहे. तेव्हा गेम बनवणाऱ्यांनी फोनकडे, संगणकाकडे, चित्रपटांकडे वळणे स्वाभाविकच आहे. अनेक वर्षे आपले गेम केवळ आपल्याच यंत्रांवर ठेवणाऱ्या निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने मार्च २०१५ मध्ये डीएनए या मोबाईल गेम कंपनीशी करार करून मोबाईलकडे वळण्याची घोषणा केली, तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मांडलेली कल्पना अशी होती की फोनवरचा खेळ हा कन्सोलकडे नेणारा पूल ठरावा. त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये सुपर मारिओ रन आला : सुरुवातीचा भाग फुकट, आणि एकदाच पैसे भरले की पूर्ण गेम खुला. व्यवहार सरळ होता, परंतु त्यातून अपेक्षेइतका नफा झाला नाही, असे खुद्द त्या कंपनीनेच नंतर सांगितले. फोनवरचे बहुतेक खेळ 'फुकट उतरवा आणि आतमध्ये खर्च करत राहा' या वळणाने जातात. आपला बागेचा गेमही त्याच वळणाचा होता, आणि आईने ते समजून-उमजूनच मान्य केले होते.

पुलाची ती कल्पना मला आज वेगळ्या अर्थाने आठवते. पूल बांधणाऱ्याला माणसे पलीकडे जावीत असे वाटणे ठीक. परंतु काही माणसांना पुलावरच बसायचे असते, त्यांना तिथूनच नदी छान दिसते, आणि आपण त्यांच्याकडून साडेचार वर्षे टोल घेतलेला असतो. (आनेवाडी नाक्यावरून ये-जा करणाऱ्या सातारकरांना टोलचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.)

आता प्रत्यक्ष घटनाक्रम. १४ जून २०२५ रोजी आईचे वार्षिक सभासदत्व २,४९९ रुपयांना आपोआप नव्याने सुरू झाले. २८ सप्टेंबर रोजी, म्हणजे नवरात्रात, गेम उघडताच पूर्ण पडदाभर 'दसरा महाऑफर' आली : हिरे, खते आणि एक सोनेरी कारंजे, किंमत १,५९९ रुपये. कोपऱ्यात सेकंद मोजणारे घड्याळ उलटे धावत होते आणि 'पुन्हा कधीच नाही' असे शब्द होते. आईने मला कार्यालयात फोन करून ओटीपी विचारला. घाई कशाला, असे मी म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, घड्याळ चालू आहे ना." तिसऱ्या प्रहरापर्यंत कारंजे बागेत बसले होते. त्यानंतर पाचव्या दिवशी, ३ ऑक्टोबर रोजी, त्याच पडद्यावर सूचना आली की ३० नोव्हेंबर रोजी सेवा कायमची बंद होत आहे. बोलावणे मराठीत होते. निरोप मात्र फक्त इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि सात परिच्छेदांचा. आईला वाटले की कारंज्याची वॉरंटी असावी. तो मजकूर तिला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

चार-पाच वर्षे चाललेली सेवा बंद करण्याचा निर्णय पाच दिवसांत होत नाही, हे सांगायला गेम उद्योगातील जाणकार लागत नाही. पतसंस्थेतला शिपाईही सांगेल की अशा निर्णयाआधी बैठका होतात, हिशेब मांडले जातात, सूचनेचा मसुदा तयार होतो. तेव्हा २८ सप्टेंबर रोजी आपल्याला बंदची कल्पना होती की नव्हती, या एका प्रश्नाचे लेखी उत्तर मला हवे आहे. कल्पना असेल, तर ते घड्याळ आईला घाई करण्यासाठीच लावलेले होते. कल्पना नसेल, तर तसे स्पष्ट लिहून द्यावे.

परताव्यासाठी मी ६ ऑक्टोबरपासून प्रयत्न करीत आहे. आपल्या चॅटवरील यंत्राने मला अॅप स्टोअरकडे पाठवले. अॅप स्टोअरने, खरेदीची मुदत उलटली असल्याने गेम बनवणाऱ्याशी बोला, असे कळवले. पुन्हा आपल्याकडे आले, तर पैसे स्टोअरने स्वीकारले असल्याने तिकडेच जावे, असे उत्तर मिळाले. ही टोलवाटोलवी चार वेळा झाली. तिच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. अखेर ११ नोव्हेंबर रोजी आपल्या एका प्रतिनिधीने 'सदिच्छा म्हणून' एक कूपन पाठवले : याच बागेच्या कन्सोलवरील नव्या आवृत्तीवर दहा टक्के सूट. ते कूपन केवळ कन्सोलच्या स्टोअरमध्ये चालते. माझ्याकडील जुन्या कन्सोलवर ही आवृत्ती चालत नाही. म्हणजे काहीशे रुपयांची सूट पदरात पाडून घेण्यासाठी आधी काही हजारांचा नवा कन्सोल आणावा लागेल. आमच्याकडे याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात. शिवाय आईची बाग त्या आवृत्तीत नेता येत नाही, हे आपल्या प्रतिनिधीनेच मान्य केले आहे. जिला 'कन्सोल नको' म्हणून बोलावले, तिलाच निघताना कन्सोल घ्यायला सांगितले गेले, असा या सगळ्याचा अर्थ होतो.

आपल्या अटी व शर्तींमध्ये आभासी वस्तूंची मालकी ग्राहकाकडे जात नाही, त्यांचा केवळ वापर-परवाना मिळतो, असे कलम आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते आपण दाखवाल याची खात्रीही आहे. आईने कारंज्याचा सातबारा मागितलेला नाही. परंतु पडद्यावरच्या बटणावर 'खरेदी करा' असे शब्द होते, 'वापरायला घ्या' असे नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना 'खरेदी' असा शब्द वापरायचा असेल, तर मिळतो तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, हे मान्य. शब्दांचा अर्थ मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

सेवा बंद होऊच नये, असेही माझे म्हणणे नाही. फोनवरचे खेळ बंद होतच असतात : निन्टेंडोचाच डॉ. मारिओ वर्ल्ड जुलै २०१९ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला. प्रश्न बंद कसे करावे याचा आहे. त्याच कंपनीने अॅनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्पची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवली, तेव्हा पुढच्याच महिन्यात एकरकमी किमतीची, सततच्या खरेदीची गरज नसलेली स्वतंत्र आवृत्ती त्याच फोनवर उपलब्ध करून दिली, आणि खेळणाऱ्यांना आपला जुना साठा तिच्यात नेता आला. गुगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळण्याची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली, तेव्हा स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि गुगलच्या दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे पैसे परत केले. मासिक वर्गणी तेवढी परत केली नाही. म्हणजे इच्छा असेल, तर दोन्ही मार्ग चाललेले आहेत. आपण स्वतः २०२२ मध्ये आपली जुनी साहसकथा संगणकावर आणली, ती मी विकत घेतली, आणि माझ्या कन्सोलवरील अर्धवट राहिलेला डाव जिथे सोडला होता तिथून संगणकावर सुरू झाला. इतके नेटके काम करू शकणाऱ्या कंपनीला आईचे तेहतीस वाफे एका फाइलमध्ये बांधून देणे अशक्य होते, हे मला पटत नाही.

माझ्या मागण्या मर्यादित आहेत. दसरा ऑफरचे १,५९९ रुपये पूर्ण परत मिळावेत. वार्षिक सभासदत्वाच्या ३६५ दिवसांपैकी १७० दिवस सेवा मिळाली, १९५ दिवस मिळाली नाही. त्या प्रमाणात २,४९९ पैकी १,३३५ रुपये परत मिळावेत. एकूण रक्कम २,९३४ रुपये होते, आणि ती मूळ देयक पद्धतीनेच, म्हणजे माझ्या बँक खात्यात यावी. कूपन, हिरे किंवा अन्य कोणत्याही गेममधील शिल्लक यांच्या रूपात ती स्वीकारली जाणार नाही. याखेरीज, आपल्या सर्व्हरवर आईच्या खात्याची माहिती अद्याप शिल्लक असल्यास ती पुसली जाऊ नये, आणि ही बाग फोनवर इंटरनेटविना पाहता येईल असे काही देणार असाल, तर तसे कळवावे. त्यासाठी वाजवी किंमत मोजायला आई तयार आहे. मी अडवले तरी ती मोजेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे, आणि हे नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. ग्राहकाला फसव्या घाईत लोटणाऱ्या मांडणीचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील दिशाभूल करणाऱ्या मांडणीच्या तेरा प्रकारांत आहे. योगायोग असा की आपण त्याच तारखेला, दोन वर्षांनी, सर्व्हर बंद केला. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि आवश्यक तर सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिलेली असल्यामुळे त्यासाठी मला मुंबई गाठावी लागणार नाही.

एक छोटी विनंती वेगळी नोंदवते. या पत्राचे उत्तर मराठीत द्यावे. आईला ते स्वतः वाचायचे आहे.

आपली विश्वासू,
(सही)
तक्रारदार, आईच्या वतीने

सोबत : ३१ पावत्यांच्या प्रती, २८ सप्टेंबर आणि ३ ऑक्टोबर रोजीच्या पडद्यांची छायाचित्रे, चॅट व ईमेल पत्रव्यवहार, आईचे संमतीपत्र, आणि आईच्या आग्रहावरून, तिच्या वहीच्या शेवटच्या पानाची छायाप्रत, ज्यात ३० नोव्हेंबर रोजी रात्री पावणेबारा वाजता वाफा क्रमांक १९ समोरच्या शेऱ्याच्या रकान्यात 'उद्या उमलेल' असे लिहिलेले आहे.