मुक्काम बेर्नकास्टेलला नको, बुलायला कर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

वहिनींना घेऊन जर्मनीत मोझेल नदीकाठी आठवडाभर सायकली फिरवायच्या आणि रोज संध्याकाळी त्याच घरी परतायचं, हा बेत उत्तम आहे. रोज सामान बांधायला नको, आणि पाऊस लागला तर एखादा दिवस घरी काढता येतो. पण बेर्नकास्टेल-कुएसचं घर जवळजवळ ठरलंय असं तू लिहिलंस, म्हणून हे घाईने. आगाऊ रक्कम अजून भरू नकोस.

गाव देखणं आहे, पण तिथे आता रेल्वे नाही. मुक्काम एका जागी ठेवला की प्रत्येक फेरीचं निम्मं अंतर परतीत जातं. वीस किलोमीटर गेलात की तेच वीस, त्याच रस्त्याने, दमल्या पायांनी. दोन दिवसांत नदीची वरची आणि खालची बाजू बघून होते, मग नवं काय उरतं? स्टेशन जवळ असलं की जायचं सायकलने आणि यायचं गाडीने, किंवा उलट. एवढ्या एका गोष्टीने आवाक्यातला टापू दुप्पट होतो. म्हणून घर शोधताना आधी रेल्वेचा नकाशा उघड, घरांचे फोटो नंतर.

बुलाय साधं गाव आहे, पण कोब्लेंझ-ट्रियर मार्गावरचं स्टेशन आहे आणि ट्राबेन-ट्रारबाखला जाणारी छोटी गाडीही तिथूनच सुटते. बुलाय ते कोखेम नदीकाठाने सुमारे ३५ किलोमीटर होतं. गाडीला मात्र दहाएक मिनिटंच लागतात, कारण नदी मोठमोठी वळणं घेते आणि रेल्वे ४.२ किलोमीटरच्या कैसर विल्हेल्म बोगद्यातून सरळ निघते. काल्मोंटचे उभे द्राक्षमळे याच वाटेवर लागतात. वहिनींचे गुडघे बोलायला लागले तर साधारण निम्म्यावर एडिगर-एलर स्टेशन आहे, तिथून गाडी पकडा. थांबत-बघत ताशी बाराच्या वेगाने गेलात तरी जेवणासकट पाच तासांत कोखेम येईल.

दुसरी फेरी उलट्या दिशेला: झेल, एनकिर्खवरून ट्राबेन-ट्रारबाख, विसेक किलोमीटर, परत छोट्या गाडीने. हा सगळ्यात हलका, म्हणून पहिल्या दिवशी हाच घ्या. सायकलचं काही बिनसलं असेल तर लवकर कळेल. तिसऱ्या दिवशी गाडीने कोखेमला जाऊन तिथून खाली कोब्लेंझच्या दिशेने निघा. त्या पट्ट्यात ट्राइस-कार्डेन, मोझेलकेर्न, हात्सेनपोर्ट अशी स्टेशनं एकामागोमाग आहेत, कंटाळा येईल तिथे थांबा. बेर्नकास्टेलही सुटत नाही. ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत गाडीने जा, पुढे काठाने चोवीसेक किलोमीटर. परतीचं अंतरही तेवढंच, त्यामुळे तो दिवस शेवटी, पाय तयार झाल्यावर.

एक दिवस वर डोंगराळ भागातल्या डाउन गावासाठी राखून ठेव. जुन्या रेल्वेमार्गावरून तिथून मोझेलपर्यंत ५८ किलोमीटरचा सायकलमार्ग येतो. आगगाडीसाठी बांधलेला, म्हणून चढ कुठेच तीव्र नाही. सुरुवात सोडली तर बराचसा उतारच. वर जायला हंगामात सायकली नेणारी बस असते, तिची जागा आधी राखून ठेवलेली बरी. ५८ जास्त वाटले तर विटलिखला थांबा.

मोझेलमध्ये घर निवडताना लोक फसतात ते उंचीला. जाहिरातीत ‘नदीपासून तीन किलोमीटर’ लिहिलेलं असतं आणि घर असतं वरच्या पठारावर. तीन किलोमीटरमध्ये दोनशे मीटर चढ म्हणजे जवळजवळ सात टक्के, तोही दिवसाच्या शेवटी. नकाशावर घराची आणि नदीची उंची बघ; फरक वीस मीटरच्या आत हवा. पूलही बघ, कारण ते फार जवळजवळ नाहीत आणि काही ठिकाणी सायकलमार्ग मोठ्या रस्त्याला चिकटून जातो, तेव्हा शांत काठ निवडायची सोय हवी. बुलायला दुमजली पूल आहे, वर रेल्वे, खाली रस्ता. समोरच्या काठावर, आल्फ गावाच्या बाजूला लगेच जाता येतं.

वहिनींसाठी इलेक्ट्रिक सायकल तिथेच भाड्याने घ्या. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, आणि सायकलची बॅटरी सहसा ४०० च्या पुढे असते. तिची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते. तुम्हाला तेवढं पुष्कळ. वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास. म्हणून घरमालकाला नेमकं विचार: सायकली तळमजल्यावर कुलपात राहतील का, किती पायऱ्या आहेत, चार्जिंगचा प्लग कुठे आहे? ‘सायकलसाठी जागा आहे’ एवढ्यावर समाधान मानू नकोस, दाराचा फोटो माग.

घरासोबत फुकट मिळणाऱ्या सायकलींच्या भरवशावर राहू नकोस. त्या बहुधा एकाच मापाच्या असतात आणि उभ्या राहून टायरांना भेगा पडलेल्या असतात. दुकानातून घेताना खोगिरावर बसून टाच पॅडलवर ठेव, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीचं निम्मं कारण खाली ठेवलेलं खोगीर असतं. मागे पॅडल मारल्यावर ब्रेक लागतो का, तेही दुकानाबाहेरच बघून घ्या. सवय नसेल तर थांबताना गोंधळ होतो. मागच्या चाकाचं गोल कुलूप पुरत नाही, खांबाला बांधायची साखळी माग.

ऱ्हाइनलँड-फाल्ट्स या तिथल्या राज्याच्या स्थानिक गाड्यांत सायकल फुकट जाते, पण सोमवार ते शुक्रवार फक्त सकाळी नऊनंतर. सप्टेंबरात द्राक्षांच्या हंगामात शनिवार-रविवारी दुपारच्या गाड्या भरलेल्या असतात. ते दोन दिवस छोट्या फेरीला ठेवा, म्हणजे गाडी सुटली तरी सायकलने परत येता येईल.

हंगामात घरं बरेचदा शनिवार ते शनिवार मिळतात आणि रविवारी दुकानं बंद असतात. त्यामुळे पोचल्याबरोबर दोन दिवसांचं वाणसामान भरून ठेवा. साफसफाई आणि चादरींचे पैसे भाड्यात धरलेत का, हेही मालकाला त्याच पत्रात विचार.

उत्तर आलं की घराचा पत्ता मला पाठव, उंची आणि स्टेशनचं अंतर मी बघून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद