काका, तुमची ती चिठ्ठी अजून तिथेच आहे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते, तर तुम्ही हात झटकून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबा गेले आणि त्यांचा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यात ठेवायची लाकडी पेटी, माझ्याकडे आला. मी सिगार ओढत नाही. पण झाकण उघडलं की सीडरच्या लाकडाचा जो वास येतो, तो माझ्यासाठी बाबांचा वास आहे. तो मला जपायचा होता. काही आठवड्यांतच सिगारची वरची पानं तडकायला लागली. पेटीतला आर्द्रता मोजणारा मीटर मात्र ठामपणे ७० टक्के दाखवत होता. एका जाणकाराने त्या आकड्याकडे पाहून सांगितलं, "आर्द्रता बरोबर आहे, माल जुना झालाय, टाकून द्या." दुसऱ्याने पेटी आतून ओल्या फडक्याने पुसायला लावली. लाकूड फुगलं, झाकण अडकायला लागलं. दोघांपैकी एकानेही सिगार हातात घेऊन पाहिली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी सिगारच हातात घेतलीत. हलकेच दाबलीत आणि म्हणालात, "हिचं ऐक, मीटरचं नको." मग बाटलीच्या झाकणात चिमूटभर ओलं मीठ, शेजारी मीटर, आणि दोन्ही घट्ट बंद पिशवीत. ओल्या मिठाभोवतीची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी फक्त तो आकडा बघायला तुम्ही पुन्हा आलात. ८८! म्हणजे माझे ७० खरे तर ५७ होते.

नवा मीटर घे, असं कुणीही म्हणालं असतं. तुम्ही विचारलंत, "हा बाबांचा का?" मी मान हलवली. तुम्ही कागदाची पट्टी फाडलीत, पेन्सिलीने '१३ वजा' लिहिलंत आणि मीटरखाली चिकटवलीत. बाबांना तुम्ही कधी भेटलाही नव्हतात. तुम्ही गेल्यावर मी खूप रडले.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा ओढून घेतं, म्हणून सिगार बाहेर काढून आतली आर्द्रता ८४ टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं ठेवून दोन आठवडे नुसती पेटी मुरवली. मग ६९ ची पाकिटं. "घाई केलीस तर आतली पानं फुगतील आणि वरचं फाटेल," हे तुमचं वाक्य मला पाठ झालंय. एकदा ८५ दिसले म्हणून घाबरून रात्री फोन केला, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "१३ वजा कर आणि झोप." माहिती असलेली माणसं खूप भेटतात हो. विचारणाऱ्याला अडाणी न ठरवता ती देणारी फार थोडी.

तीन सिगार वाचल्या नाहीत. बाकीच्या दाबल्या की पुन्हा मऊ लागतात. आज मीटर ८२ दाखवतोय.

त्यातली एक तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. कधी येताय?

तुमची,
मुलीसारखीच