अम्मो, केबल टाय वाजतोय!

अम्मो,

अम्मो म्हणजे काका, एवढी अरबी मला येते. पण तुम्हाला मराठी येत नाही आणि मला अरबी लिहिता येत नाही. आपलं सगळं बोलणं झालं ते इथल्या आखाती धेडगुजरीत, 'माफी मुश्किल' (काही अडचण नाही) आणि 'सेम सेम'च्या जोरावर. त्यात आभार कसे मानणार? 'शुक्रन' म्हणालो आणि मस्कतच्या मत्रह भागातल्या त्या बोळातून, तुमच्या ऊदच्या (अरबी तंतुवाद्याच्या) दुकानातून खाली उतरलो. आज तीन आठवडे झाले, तो एक शब्द फार तोकडा पडला असं वाटत राहतंय. म्हणून हे पत्र, माझ्या भाषेत आणि सगळ्यांसमोर.

मी मिरजेचा. सतारी आणि तानपुरे जिथे बनतात त्या गल्लीपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. लहानपणी शाळेतून येताना जवारी काढणाऱ्यांसमोर (तारेला नाद यावा म्हणून घोडी घासणाऱ्यांसमोर) तासतास उभा राहायचो. घोडीवरून कानस एकदा जास्त फिरली तर तारेचा आवाज कसा मरतो, हे मला फार लवकर कळलं होतं. तरीही मस्कतला येऊन चाळिशीत ऊद हातात घेतला, तेव्हा दीड वर्ष मी त्यातून टपटप, खटखट याखेरीज काहीही काढू शकलो नाही.

दोष माझ्या हाताचा, असंच सगळे म्हणाले. काही अंशी खरंही होतं. सतारीत 'दा' हा मुख्य आघात आत, तळव्याकडे येतो. ऊदवर जोराचा आघात खाली जातो. वीस वर्षांची सतारीची सवय उलटी करायची म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं. पण एका वादकाने माझी रीशा (ऊद छेडायची पट्टी) हातात न घेताच सांगितलं, "तुमचा हात सतारीचा आहे, हे सोडा." एका दुकानदाराने गिटारचं त्रिकोणी पिक पुढे केलं आणि वर 'सेम सेम' म्हणाला. त्याला कोण सांगणार, की ऊदची रीशा बोटभर लांब असते, ती मुठीत आडवी धरायची, शेपूट करंगळीकडून बाहेर काढायची आणि मनगट वाकवून वाजवायचं? दुसऱ्या दुकानात आठ रियाल मोजून 'अस्सल म्हशीचं शिंग' घेतलं. घरी घासायला बसलो. शिंग घासलं की जळक्या केसांचा वास येतो, हे मिरजेच्या पोराला सांगावं लागत नाही. याला प्लॅस्टिकच्या बादलीचा वास आला.

मग स्वतःच बनवायला लागलो. संपलेलं एटीएम कार्ड, आईच्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म, शाम्पूची बाटली, साइटवरचा काळा केबल टाय. सरोदचा जवा, म्हणजे छेडायचा तुकडा, नारळाच्या करवंटीचा असतो हे आठवून करवंटीही कापली. पण ती वाकडी, जव्यापुरती ठीक, एवढी लांब पट्टी तिच्यातून सरळ निघेना. अशा सात रीशा ओमानी हलव्याच्या रिकाम्या डब्यात भरून मी तुमच्याकडे आलो. खरं सांगू? त्या दाखवायला आणल्याच नव्हत्या. तुमच्याकडून एक चांगली विकत घ्यायची आणि डबा परत न्यायचा, एवढाच बेत होता.

तुमच्या खिडकीत ऑलिव्ह तेलाच्या बरणीत शिंगाच्या पट्ट्या बुडवून ठेवलेल्या दिसल्या आणि मनात म्हटलं, योग्य ठिकाणी आलो. मग माझी पोपटपंची सुरू झाली. रीशा म्हणजे मुळात पीस. झिर्याब या जुन्या काळच्या वादकाने लाकडाऐवजी गरुडाचं पीस वापरलं असं म्हणतात. २०२२ मध्ये ऊद बनवण्या-वाजवण्याची कला इराण आणि तुमच्या सीरियाच्या नावावर युनेस्कोच्या यादीत गेली. तुम्ही ऐकून घेतलंत. हलबचा (अलेप्पोचा) माणूस, त्याला मी ऊद शिकवत होतो! बोलणं संपल्यावर तुम्ही फक्त डब्याकडे बोट दाखवलंत.

आता जे लिहितोय, त्यासाठीच हे पत्र आहे.

तुम्ही त्या सातही रीशा गादीच्या तुकड्यावर ओळीने मांडल्यात. हसला नाहीत. भिंतीवरचा तुमचा स्वतःचा ऊद काढलात, विकायचा नव्हे, आणि एकेक रीशा घेऊन तीच चार सुरांची ओळ सात वेळा वाजवलीत. दर वेळी ती रीशा खाली ठेवण्याआधी तिच्यात बरं काय आहे ते सांगितलंत. कार्ड ताठ आहे, पण कडक बोलतं. एक्स-रे मऊ, वरच्या तारेला चालेल, खर्जाला नाही. करवंटीचा तुम्ही वास घेतलात, "कुठलं झाड?" विचारलंत, मी 'नारळ' म्हणालो, आणि तुम्ही ती पुन्हा एकदा वाजवलीत. माझ्या हाताने केलेल्या त्या कचऱ्याला कोणी सात वेळा कान देईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ज्याला खरोखर येतं तो माणूस न येणाऱ्याला किती जागा देतो, हे मी मिरजेत पाहिलं होतं, मधल्या वर्षांत विसरलो होतो. अर्धवट येणारे मात्र सगळीकडे घाईत असतात. (मीही त्यातलाच, साइटवर नव्या पोरांशी कसा बोलतो ते आठवून त्या रात्री लाज वाटली.)

शेवटी केबल टाय तुमच्या हातात राहिला. मला वाटलं, आता बरणीतलं शिंग बाहेर येणार. तुम्ही कानस घेतलीत. टायचे दाते मी उडवले होते, पण टोक दोन्हीकडून सारखंच गोल केलं होतं. तुम्ही एका अंगाने जेमतेम पाच-सहा हात मारलेत, मग बारीक पॉलिश पेपर, मग गालावर फिरवून पाहिलंत आणि ऊद माझ्याकडे दिलात. खालच्या तारेवर पहिला आघात केला आणि खटखट गेली होती. नुसता सूर आला. "हादा माल इन्ता," म्हणालात. हा तुझा.

मी पाकीट काढलं तर तुम्ही चहाचा पेला पुढे केलात. शिंगाची एक तरी विकत द्या म्हटलं, तर मान हलवलीत. आधी ही झिजव, मग ये.

अम्मो, ती झिजतेय. अंगठ्याखाली एक बारीक खळगाही पडायला लागलाय. गुरुवारी रात्री बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज शेजारचे वाजवतायत का?" यापेक्षा मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही.

दिवाळीला मिरजेला जातोय. आईला सांगून ठेवलंय, नारळ फोडले की करवंट्या टाकू नकोस. जाड बघून पाच आणतो. सरळ पट्टी कशी काढायची ते तुम्ही बघा.

तुमचा,
केबल टायवाला हिंदी