बस रोखून सीमाप्रश्न सुटत नाही

सीमावाद चिघळला की कर्नाटकातील एसटी फेऱ्या बंद कराव्यात, असे सुचवणारे पत्र वाचले; ते पटले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले आणि एसटीने तिकडच्या फेऱ्या थांबवल्या. यातून बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला काय मिळाले? पुण्यात शिकणारी त्याचीच मुले आणि इथे उपचारांसाठी येणारे त्याचेच आईवडील अशा वेळी अडकतात. चालक-वाहकांना भाषेवरून मारहाण करणे तर निव्वळ भ्याडपणा आहे, मग तो कोणत्याही बाजूने होवो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जोर तिथे लावावा. जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना व भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला होता. हाच न्याय दोन्ही राज्यांत बस फोडणाऱ्या संघटनांना लावावा आणि फेऱ्या बंद न करता पोलीस बंदोबस्तात सोडाव्यात.

– एक वाचक, बिबवेवाडी, पुणे